पिवळं कार्ड आहे का?

३ फेब्रुवारी, एटापल्ली

प्रश्न क्रमांक एकतीस माझ्या डोक्यात गेलाय. "आपल्या कुटुंबातील कोणत्याही सदस्याचे सिकलसेल वाहक म्हणून निदान झाले आहे काय?" हे वाक्य नागपूरला एसीत बसून ज्यानं लिहिलं त्याला एकदा इथं आणावं, अंगणात उभं करावं आणि म्हणावं, विचार. दिवसभर विचारून तोंड कोरडं पडलं. लोक माझ्याकडे बघतात, मी लोकांकडे बघते. एका म्हाताऱ्यानं तर बराच विचार करून सांगितलं, "वाहक कोणी नाई बाई आमच्या घरी. लहाना जावई ड्रायव्हर आहे, अहेरी डेपोले."

त्याचं काय चुकलं? एसटीत कंडक्टरच्या सीटवर वाहक लिहिलेलं असतं. दुसरा वाहक त्यानं कुठं पाहिला? आमच्या टीममधला राजदीप एवढा हसला की टॅब हातातून पडता पडता राहिला. मी रागावले त्याच्यावर, मग मलाही हसू आलं.

पण चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या घराघरांत जाऊन कुठल्या तालुक्यात सिकल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, किती आहे त्याचा नकाशा काढायचाय आणि लोकांना प्रश्नच कळत नसेल तर काय काढणार? टीमला पहिल्याच दिवशी मी फळ्यावर आई, बाप, लेकरू काढून समजावलं होतं. दोघंही वाहक असले तरच लेकराला आजार होऊ शकतो. एकटाच वाहक असला तर लेकरू आजारी होत नाही, आणि वाहक स्वतः तर धडधाकटच असतो. हे फळ्यावर सोपं वाटतं. दारात उभं राहून कोण सांगत बसणार?

शेवटी मीच तोड काढली. तपासणीत वाहक निघालेल्याला दवाखान्यातून पिवळं कार्ड देतात. मग सरळ तेवढंच विचारायचं, घरी पिवळं कार्ड आहे का? हो किंवा नाही. कार्ड बघायला मागायचं नाही, लोक संकोचतात. संस्थेतल्या सरांना फोन करून विचारावं असं मनात आलं होतं, पण रेंज नव्हती आणि सर हो म्हणायला आठवडा लावतात.

९ फेब्रुवारी, एटापल्ली

काम आता कसं सरसर चाललंय. पिवळं कार्ड म्हटलं की लोक लगेच बोलतात, अडखळत नाहीत. एवढी जागरूकता या भागात असेल असं मला वाटलं नव्हतं. आज एक आजी घाबरून म्हणाली, "बाई, कार्ड बंद करायले तर नाई आले ना तुमी?" मी तिला म्हटलं, आजी, कोणी काही बंद करत नाही, उलट तुमच्यासाठीच सगळं सुरू आहे. बिचारीला औषधगोळ्या बंद होतील अशी भीती असणार. निघताना तिनं माझ्या हातावर वाळवलेली मोहाची फुलं ठेवली.

आम्ही उतरलोय ते इथल्या आश्रमशाळेत. तिथं खुशबू म्हणून एक मास्तरीण आहे, गणित शिकवते. पोरगी मोठी फटकळ. मला म्हणाली, "ताई, तुमी प्रश्न विचारता की पोलीस चौकशी करता?" तिचे वडील रामाजीकाका, वनखात्यातले जुने रोजंदार. घर आमच्या यादीत होतं म्हणून मीच गेले. जयभीम झालं, चहा झाला, प्रश्न झाले. पिवळं कार्ड? "आहे ना, नसाले काय झालं," म्हणाले. मी 'हो' दाबलं.

माझा धाकटा भाऊ अश्विन चार्जर आणि माझं स्वेटर घेऊन बल्लारपूरहून मोटरसायकलवर आला. मी म्हटलं होतं, एसटीत कंडक्टरजवळ दे. तर म्हणे ताई, सुट्टी होती, आलो. संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या मैदानाजवळ खुशबूशी बोलत उभा होता. त्याच्या घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यावर आणि तिच्या गणितावर किती बोलता येतं ते मला आज कळलं.

२१ फेब्रुवारी, बल्लारपूर

आता आपल्याच गावातलं काम. इथं लोकांना वेळ नाही आणि बोलायची इच्छाही नाही. पेपर मिलच्या मागच्या लाइनीत एका बाईला पिवळं कार्ड विचारलं तर ती हसली. "आमच्याकडे कुठचं पिवळं कार्ड? पोरगा नोकरीवर आहे ना."

नोकरीचा आणि रक्ताचा काय संबंध? शहरातले लोक असेच. लाज वाटते, म्हणून विषय बदलतात. जंगलातली माणसं जास्त खरी, असं मी राजदीपला म्हटलं. तो हो म्हणाला. तो मला सगळ्यालाच हो म्हणतो.

१८ मार्च

नकाशा झाला. मी स्क्रीनसमोर बसून नुसती बघत राहिले. बल्लारपूर, घुग्घुस जवळजवळ पांढरे, मूल तालुक्याकडे हलका गुलाबी आणि तिकडे एटापल्ली, भामरागड गडद लाल. आकडे असे स्वच्छ क्वचित निघतात. सर फोनवर म्हणाले, "रश्मी, हा तुझा नकाशा आहे." दहा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अशी दाद दिली. बाबा असते तर मिलमधल्या सगळ्या दोस्तांना सांगून आले असते.

१५ एप्रिल

कालच्या जयंतीच्या गर्दीत आईनं पेपर अख्ख्या वस्तीत फिरवला. नकाशा आलाय, खाली माझं नाव आलंय. शेजारच्या कलाबाईला आई बोट ठेवून दाखवत होती, "हे पाय, आपलं बल्लारपूर पांढरं आहे. आपल्याकडे नाई सिकल. सगळी त्या जंगलाकडं आहे." मी म्हणणार होते की असं नसतं आई, हा लोकांनी सांगितलेल्या उत्तरांचा नकाशा आहे, रक्ताचा नाही. पण ती एवढी खूश होती आणि अंगावरचं पातळही नवं होतं तिचं. राहू दिलं.

२७ एप्रिल

अश्विननं आज जेवताना सांगून टाकलं. एटापल्लीच्या खुशबूशी लग्न करायचंय. मला ठाऊक होतंच. फेब्रुवारीपासून दर रविवारी गाडीत पेट्रोल भरून कोणी व्हॉलीबॉल बघायला जात नाही.

आई आधी हसली. शिक्षिका आहे, आपल्यातलीच आहे, बरं झालं म्हणाली. मग तिचा हात ताटातच थांबला. "एटापल्ली म्हणजे ते लाल लाल?"

अश्विन म्हणाला, "आई, नकाशाले काय विचारतं, मले विचार ना."

आईनं त्याला विचारलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. "रश्मे, तू तर गेली होती ना त्याईच्या घरी. तुले माहीत असन. आहे का?"

लोकांच्या घरातलं घराबाहेर सांगायचं नसतं. हे मी स्वतः प्रत्येक दारात सांगितलंय, सही देऊन. म्हणून मी काही बोलले नाही. एक शब्द नाही. वरणाची वाटी पुढे ओढली आणि जेवत राहिले.

आई म्हणाली, "बरं, समजलं."

काय समजलं ते तिचं तिला. मी सांगितलेलं नाही.

२ मे

अश्विन माझ्याशी बोलत नाही. शिफ्टवरून येतो, आंघोळ करतो, झोपतो. मी माझं काम नियमानं केलं त्यात माझा काय दोष? आणि उद्या लेकरू आजारी जन्मलं असतं तर हाच म्हणाला असता, ताई, तुले माहीत होतं.

११ मे

आईनं स्वतःच रामाजीकाकांना फोन लावला. स्पीकर सुरू होता, मी कपडे घडी करत होते. सिकल निघालं की दवाखान्यातून कार्ड देतात, हे तिनं मागे माझ्याकडूनच ऐकलं होतं. आई म्हणाली, "भाऊ, तुमच्या पोरीले नाव नाई ठेवत आमी. पण तुमच्या घरी ते कार्ड आहे म्हणतात, तं आमाले जमन नाई."

 तिकडून काका म्हणाले, "कार्ड आहे म्हणून?" आई हो म्हणाली. काका म्हणाले, "ठीक आहे बाई. गरिबाच्या घरी असतेच कार्ड," आणि ठेवला फोन.

मला ते उत्तर विचित्र वाटलं. दिवसभर कानात राहिलं. आजाराचा आणि गरिबीचा काय संबंध, असं स्वतःलाच म्हणाले आणि तूर निवडायला बसले.

१६ जून

लिहायला हात उचलत नाही. पण लिहिते, नाही तर कुठं बोलू.

आई रेशनच्या दुकानातून तापून आली. अंगठे लावायचे होते, सगळ्यांची नावं जोडायची होती, मशीन बंद, मोठी लाइन. पाणी पीत म्हणाली, "त्या कलाबाईचं बरं आहे. तिचं पिवळं कार्ड, तिले सगळं भेटते. आपलं केसरी. तुह्या बाबाची मिलची नोकरी होती ना, म्हणून पिवळं नाई देलं आपल्याले कधी."

मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

"पिवळं कार्ड. रेशनचं. तुले कुठचं माहीत राहते, तू कधी गेली का दुकानात?"

नाही गेले. कधीच नाही गेले. आई जाते, आधी बाबा जायचे. मी तिथंच मोरीजवळ खाली बसले. आईला वाटलं चक्कर आली, ती कांदा आणायला धावली.

ती आजी, कार्ड बंद करायले आले का म्हणणारी. मिलच्या लाइनीतली ती बाई, पोरगा नोकरीवर आहे म्हणणारी. रामाजीकाका, आहे ना म्हणणारे. सगळे मला सरळ खरं उत्तर देत होते. त्यांना धान्याचं विचारलंय असं वाटलं. कोणाच्या घरी गरिबीचं कार्ड आहे आणि कोणाच्या नाही, तेवढंच मी गावोगाव फिरून विचारत होते, आणि त्याला लाल रंग देऊन खाली सिकल लिहून माझं नाव टाकलं.

१७ जून

राजदीपला फोन केला. विचारलं, लोक कोणतं पिवळं कार्ड समजत होते? तो म्हणाला, "मॅडम, मी बी तेच समजत होतो ना. मले वाटलं, सिकलवाल्याईले धान्य भेटते का नाई, ते सर्वे करून राह्यलो आपण."

त्याला रागवायला तोंड कुठाय मला. पहिल्या दिवशी मीच म्हटलं होतं, लांबण लावू नका, दोन शब्दांत विचारा.

२ जुलै

अजून कोणाला सांगितलेलं नाही. सरांना नाही, घरी नाही. रोज सकाळी ठरवते आज सांगते, आणि दुपारी कारण सापडतं. सर मुंबईला आहेत. आईचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय. अश्विनची नाइट आहे. लाज वाटते, आणि लाजेच्या खाली भीती आहे. दहा वर्षांत एकदा नाव झालं ते पुसायचं जिवावर येतंय. हे वाक्य लिहितानाही स्वतःची शिसारी येते, पण खरं आहे.

तिकडं कोणत्या घरात, कोणत्या पोरीचं, माझ्यामुळं काय मोडलं असेल देव जाणे. देव म्हणायची आम्हाला सवय नाही, तरी लिहिलं गेलं.

६ जुलै

परवा सरांना सांगितलं. ते चिडले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, "पुढच्या फेरीत प्रश्न बदलू. आत्ता मागे घेतला तर संस्थेची इज्जत जाते. अहवालाच्या शेवटी एक टीप टाक."

मी म्हटलं, सर, त्या गावांची इज्जत गेली ती टिपेत कशी भरून येईल? ते म्हणाले, तू थकली आहेस. मी त्यांना न विचारता पेपरला पत्र पाठवलं, चूक माझी आहे असं लिहून. नकाशा पहिल्या पानावर आला होता. पत्र आज आतल्या पानावर पावसाच्या आकड्यांखाली आलं, चार ओळी. आईनं तो पेपर न वाचताच डब्याखाली घातला.

१३ जुलै

आज घरी सांगितलं. दोघांना समोर बसवून. अश्विन उठला आणि गाडी पुसायला लागला. कोरडी गाडी. आई म्हणाली, "मंग आता? मी तं भाऊले फोनवर बोलून गेली." तिचे डोळे भरले. तिला दोष द्यायला माझ्याकडे काही नाही.

अश्विननं कापड झटकलं आणि विचारलं, "ताई, आपलं कोणी तपासलं का? माह्यं, तुह्यं, आईचं?"

आई म्हणाली, "आपल्यात नाई राहत."

"हे कोणत्या नकाशात पाह्यलं?" तो म्हणाला. उद्या चंद्रपूरला रक्त द्यायला जातो म्हणे.

२२ जुलै

अश्विन वाहक निघाला. त्याला दवाखान्यातून पिवळं कार्ड मिळालं. त्यानं ते आणून टीव्हीसमोर ठेवलं आणि म्हणाला, "घ्या. आता आपणबी लाल."

आई रडायलाच लागली. आता माह्या पोराचं कसं होईन, कोण देईन पोरगी. मी तिला जवळ घेतलं आणि शांतपणे सगळं सांगितलं. आई, वाहक म्हणजे आजारी नव्हे. तो तुझ्यामाझ्यासारखा धडधाकट आहे, पन्नास किलोची पोती उचलतो. फक्त बायको वाहक नसली की झालं, लेकराला आजार होत नाही. लग्नाआधी तिचं रक्त तपासायचं, एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आईनं डोळे पुसले. "एवढंच आहे का? मले वाटलं काय न काय," म्हणाली आणि भात टाकायला उठली.

अश्विन दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. का ते कळलं नाही. थकला असेल.

पुढच्या रविवारी मी एटापल्लीला जाते. चूक माझी, माफी मीच मागायची. त्याचं कार्ड आलं तेही सांगायचं, लपवून काही करायचं नाही आता.

३ ऑगस्ट

जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

रामाजीकाका ओट्यावर बसून जाळं विणत होते. जयभीम म्हटलं, त्यांनी म्हटलं, खाट पुढे केली. मी बसले नाही. उभ्यानं सगळं सांगितलं, प्रश्न कसा बदलला, कार्ड कोणतं आणि मी समजले कोणतं. काका आधी समजलेच नाहीत. मग आत गेले आणि रेशनचं कार्ड घेऊन आले. "हे?" म्हणाले. "ह्याच्यामुळं?" आणि हसले. असं हसणं पुन्हा माझ्या कानावर पडू नये.

म्हणाले, "मले वाटलं, तुमी नोकरीवाले, गरिबाची पोरगी नाई पाहिजे, म्हणून कार्डाचं नाव काढलं तुह्या आईनं. मी खुशबूले तेच सांगतलं. विसर त्याले म्हटलं, ते मोठे लोक आहेत."

मी हात जोडले, हे लग्न होऊ द्या म्हटलं. मग अश्विनचं सांगितलं, की तो स्वतः वाहक निघालाय. काकांचं हसणं गेलं. जाळं बाजूला ठेवलं. "म्हणजे सिकल तुमच्या घरी. आणि तरी मागून राह्यल्या माही पोरगी? आमी काऊन द्यावं?"

मी म्हटलं, "काका, वाहक म्हणजे आजारी नाही. खुशबूचं रक्त चांगलं असलं तर लेकराला आजार होत नाही. एकच जण वाहक असला तर काही धोका नसतो. लग्न मोडायचं काही कारणच नाही त्यात."

खुशबू दारात होती. कधीपासून उभी होती माहीत नाही. हातात चहाचा पेला होता, तो तिनं माझ्यापुढे केला नाही, चौकटीवर ठेवला.

"माह्यं रक्त चांगलं आहे," ती म्हणाली. "गडचिरोलीले कॉलेजात असताना सगळ्याईचं तपासलं होतं. कागद आहे माह्याकडं. तुमी आश्रमशाळेत इतके दिवस माह्या बाजूच्या खोलीत राह्यल्या ताई. कोणी विचारलंच नाई मले."

मी म्हटलं, चुकलं माझं. प्रश्न चुकला.

"प्रश्नाचं राहू द्या," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, गणित शिकवताना असतो तसाच होता. "आत्ता बाबाले सांगतलं ते. एकच जण वाहक असला तं काही होत नाई, लग्न मोडायचं कारण नाई. हे तुमाले कधी कळलं?"

मी गप्प बसले. माझी ती जुनी सवय.

"एप्रिलमधी माहीत होतं का नाई?"

फेब्रुवारीतही माहीत होतं. फळ्यावर मीच काढलं होतं, आई, बाप, लेकरू. कार्ड खरंच सिकलचं असतं तरीही आईला ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. अश्विनसाठी सांगितलं तेव्हा जिभेवर आपोआप आलं. हिच्यासाठी मी वरणाची वाटी पुढे ओढली. तेव्हा वाटत होतं की मी नियम पाळतेय. खरं तर मी माझा नकाशा जपत होते.

"होतं," मी म्हटलं.

खुशबूनं मान हलवली, पोरानं उत्तर बरोबर दिलं की हलवावी तशी. मग वडिलांना म्हणाली, "बाबा, मी अश्विनसंग बोलीन. त्यानं कार्ड भेटल्याबरोबर फोटो पाठवला मले, घरच्याईच्या आधी." आणि माझ्याकडे वळून, "त्याले पाठवा. तुमी नका येऊ ताई आता."

मी जयभीम म्हणून निघाले. काकांनी मान हलवली, खुशबूनं पेला उचलून आत नेला.

स्टँडवर बल्लारपूरची गाडी लागलेलीच होती. गर्दी होती, कंडक्टरच्या मागची एकच सीट रिकामी होती, तिथं बसले. समोरच वर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं, वाहक. आष्टीपर्यंत मी तेच वाचत आले. घरी पोचले तेव्हा आई भाजी निवडत होती. काय म्हणले ते, असं तिनं विचारलं. या वेळी मी गप्प राहिले नाही. एप्रिलपासूनचं सगळं सांगितलं, वरणाच्या वाटीसकट.